आधी पडायला शिका

(दहावीच्या १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'युरोपातला हिवाळा आणि बर्फातले खेळ'. सोबत तीन सूचना. सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, यशाचा मंत्र सांगू नकोस आणि जेवणाला उशीर करू नकोस. तिसरी सूचना सगळ्यात महत्त्वाची, कारण मागच्या अंगणात वांगी भाजायला घेतलेली आहेत आणि तो वास इथपर्यंत येतो आहे. तेव्हा तिन्ही सूचना पाळते.

सुरुवातीलाच सांगून टाकते की मी खेळाडू वगैरे नाही. नोकरीच्या निमित्ताने आम्ही सहा वर्षं म्युनिचला राहिलो. तिथून आल्प्स पर्वत गाडीने तास-दीड तासावर. जळगावहून अजिंठ्याला जाऊन यावं, तसे तिथले लोक हिवाळ्यात शनिवारी सकाळी उठून बर्फात जातात. सोमवारी ऑफिसात चहाच्या वेळी एकच विषय, कोण कुठल्या उतारावरून आलं. आपण नुसतं ऐकायचं तरी किती दिवस? म्हणून आम्हीही जायला लागलो.

आता आपलं आणि बर्फाचं नातं काय, ते तुम्हाला माहीतच आहे. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. आपल्याला बर्फ भेटला तो गोळ्याच्या गाडीवर, नाहीतर लग्नाच्या मांडवात, पोत्यात गुंडाळलेली आणि भुसा चिकटलेली लादी म्हणून. हिवाळ्यात एखाद्या दिवशी पेपरात बातमी यायची की सातपुड्यात तोरणमाळला किंवा अक्कलकुव्याच्या डाबला दवबिंदू गोठले. बाबा ती मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही भावंडं एक स्वेटर जास्त घालायचो. बर्फाशी आपला व्यवहार एवढाच.

पण एका बाबतीत आपण युरोपियन लोकांच्या पुढे निघालो. स्कीइंगला जाताना वाऱ्यापासून बचावासाठी तोंड, नाक, कान, मान सगळं झाकावं लागतं आणि वर काळा चष्मा. आमच्या गटातल्या बाकीच्यांना ते कसं बांधायचं हे दाखवावं लागलं. जळगावच्या मुलीला? स्कूटीवरून कॉलेजला जाताना ओढणी गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवायची पदवी आपण सगळ्याजणींनी घेतलेली आहे. आपण उन्हासाठी बांधायचो, ते थंडीसाठी बांधतात. आणि गंमत म्हणजे तिथेही ऊन असतंच. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. दिवसभर बर्फात राहिलेला माणूस संध्याकाळी शेतातून आल्यासारखा रापलेला दिसतो.

आता सामानाची गोष्ट. स्कीचे बूट म्हणजे कडक प्लास्टिकचे, नडगीपर्यंत आवळलेले. ते घालून सरळ चालता येत नाही. टाच आधी टेकवत, धपाधप पाय टाकत चालावं लागतं. माझा नवरा धुळ्याचा. त्याच्या आईला व्हिडिओ कॉलवर आम्ही ते बूट आणि लांबलचक पट्ट्या दाखवल्या, तर त्या म्हणाल्या, "पायले काय बांधेल शे वं?" मी म्हटलं, "आई, घसरायचं सामान आहे." त्यांना पटेना. घसरू नये म्हणून पायात काही घालतात हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं, घसरण्यासाठी पैसे देऊन काही घालायचं हे नवीन होतं.

हे सामान भाड्याने मिळतं. दुकानातला मुलगा आपली उंची विचारतो, वय विचारतो, आणि मग सगळ्या रांगेसमोर वजन विचारतो. तुम्हाला येतं किती, हेही विचारतो. मला वाटलं, काय हा आगाऊपणा. पण त्यामागे एक सुंदर यंत्र आहे, आणि इथे इंजिनिअर म्हणून दोन मिनिटं मागून घेते.

बूट आणि स्की यांना जोडणारी एक पकड असते, तिला बाइंडिंग म्हणतात. तिच्यात स्प्रिंग असते. माणूस पडला आणि पाय पिळवटायला लागला, की हाड मोडण्याच्या आधी ती पकड सुटली पाहिजे. फार सैल ठेवली तर चालता चालता सुटेल, फार घट्ट ठेवली तर सुटणारच नाही. म्हणून वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि अनुभव यांच्यावरून कोष्टक पाहून तो मुलगा स्क्रू फिरवतो. आपल्या घरातला फ्यूज जसा वायर जळायच्या आधी उडतो, तसंच हे. मला फार आवडलं ते असं की हे सगळं बनवणाऱ्याने माणूस पडणारच, हे आधीच धरलेलं आहे. तू पडू नकोस असं तो म्हणत नाही. पडशील तेव्हा मोडू नकोस, एवढंच तो पाहतो.

मग शिकवणी. आमचा वर्ग लहान मुलांच्या आखाड्याच्या शेजारी होता. तिथे चार-चार वर्षांची पोरं, हातात काठ्यासुद्धा नाहीत, एका सरकत्या पट्ट्यावर उभी राहून वर जात होती आणि खाली येत होती. त्या पट्ट्याला तिकडे 'जादूचा गालिचा' म्हणतात. आमच्या वर्गात आम्ही दोघं, एक स्पॅनिश जोडपं आणि सदुसष्ट वर्षांच्या एक जर्मन आजी. आजींनी आदल्याच वर्षी नोकरीतून निवृत्ती घेतली होती आणि आता वेळ मिळाला म्हणून शिकायला आल्या होत्या. मी चाळिशीला टेकलेली. 'आता या वयात' हे आपलं वाक्य मी ओठावर आणलं होतं, ते आजींना पाहून गिळलं.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या. त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं आणि पहिला धडा सांगितला, "आता पडा."

आम्हाला वाटलं, भाषेचा काही घोळ झाला. पण नाही. पहिला अर्धा तास आम्ही फक्त पडत होतो. कसं पडायचं? पुढे तोंडावर नाही, हात टेकवून नाही. हात पुढे केला की मनगट किंवा अंगठा जातो. तोल गेला असं कळलं की त्याच्याशी झगडायचं नाही. गुडघे वाकवून, डोंगराच्या बाजूला, कुशीवर, मांडीवर बसल्यासारखं पडायचं. आणि उठायचं कसं? दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, त्या आपल्या खालच्या बाजूला आणायच्या, मग हात टेकून कुशीवरून वर यायचं. उतारालाच तोंड करून उठायला गेलं, की उभं राहण्याच्या आधी प्रवास सुरू होतो. माझ्या नवऱ्याचा झाला. जवळजवळ जादूच्या गालिच्यापर्यंत गेला तो. तिथून आवाज आला, "काही नाही, काही नाही, बघून आलो!" पडलो तरी नाक वर, ही म्हण धुळ्यातच तयार झाली असावी.

थांबायचं कसं, हा दुसरा धडा. तिकडच्या मुलांना त्यासाठी 'पिझ्झा' शिकवतात. दोन्ही स्कींची टोकं जवळ आणि मागची बाजू फाकवलेली, म्हणजे पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा आकार. वेग कमी होतो. मी मनात म्हटलं, पिझ्झा कशाला, हा तर भाकरीचा चतकोर! तेव्हापासून आमच्या घरात 'चतकोर कर, चतकोर कर' अशी आरोळी असते. उतार जास्त, तर चतकोर मोठा.

तिसऱ्या दिवशी आम्ही निळ्या उतारावर गेलो. उतारांना रंग असतात. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. वर जायला लिफ्ट. तिच्या दारात कार्ड दाखवलं की आडवा दांडा उघडतो. नवरा म्हणाला, "आठे बी टोलनाका शे!" एका प्रकारच्या लिफ्टमध्ये वरून येणाऱ्या तारेला उलट्या टीसारखा आकडा असतो. तो दोघांच्या कमरेखाली मागून लागतो आणि ढकलत वर नेतो. त्यावर बसायचं नसतं, नुसतं टेकायचं. पण कमरेखाली काही आलं की बसायचं, हा आपल्या एसटीचा संस्कार. नवरा बसला. आकडा खाली, नवरा खाली, शेजारी मी होते म्हणून मीही खाली. मागचे लोक हसले नाहीत, लिफ्ट थांबवली गेली, आणि एका दहा वर्षांच्या मुलीने आम्हाला काठी देऊन बाजूला घेतलं.

याचं कारण तिथले नियम. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत आणि ते उताराच्या पायथ्याशी फळ्यावर लिहिलेले असतात. त्यातला एक असा की पुढे जो आहे त्याचा हक्क आधी. मागून येणाऱ्याने वाट बदलायची, पुढच्याने नाही. दुसरा, अरुंद जागी मध्येच थांबायचं नाही. तिसरा, पडलात तर लवकर बाजूला व्हा. चौथा, कुणी पडलेला दिसला तर मदत करणं हे प्रत्येकाचं कर्तव्य. हे वाचताना माझ्या डोळ्यासमोर आपली अजिंठा चौफुली आली. पुढच्याचा हक्क आधी, हा नियम आपण तिथे एक दिवस लावून पाहू या. मला वाटतं रिक्षावाले चक्कर येऊन पडतील, आणि मग चौथा नियम लागू होईल.

आता थोडा इतिहास, कारण इतिहासाच्या बाई समोर बसल्या आहेत. म्युनिचच्या जवळ गार्मिश-पार्टनकिर्खेन नावाचं गाव आहे. १९३६ चं हिवाळी ऑलिंपिक तिथे झालं. तिथल्या शर्यतीच्या प्रसिद्ध उताराची पाटी नवऱ्याने लांबून वाचली आणि ओरडला, "खान्देश!" जवळ गेलो तर लिहिलं होतं, 'कंदाहार'. बर्फाच्या डोंगरात अफगाणिस्तानातलं गाव कुठून आलं? तर लॉर्ड रॉबर्ट्स नावाचा ब्रिटिश सेनापती होता. १८८० मध्ये तो काबूलहून फौज घेऊन कंदाहारला गेला, म्हणून त्याच्या किताबात ते गाव आलं. पुढे १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डोंगर उतरायची एक शर्यत झाली, तिच्या चषकाला त्याचं नाव दिलं. तिथून एका क्लबला, मग शर्यतींना आणि शेवटी उताराला. हा रॉबर्ट्स जन्मला कुठे? आपल्या कानपूरला. आणि काठ्यांमधून वळणं घेत उतरायची स्लॅलम शर्यत आज ज्या स्वरूपात आहे, ती ज्याने १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरेन गावात घेतली, तो आर्नल्ड लन जन्मला मद्रासला. तेव्हा कुणी तुम्हाला म्हणालं की बर्फाशी आपला काय संबंध, तर कानपूर आणि मद्रास ही दोन नावं तोंडावर फेका.

तिथून पुढे ऑस्ट्रियात इन्सब्रुक. १९६४ च्या ऑलिंपिकच्या वेळी तिथे बर्फच पडला नाही. पाहुणे दारात आणि घरात पीठ नाही! मग सैन्याला बोलावलं. जवानांनी वरच्या डोंगरांतून बर्फ खोदून आणला. उतारांसाठी चाळीस हजार घनमीटर बर्फ आणि घसरगाडीच्या मार्गासाठी वीस हजार लाद्या. आपल्याकडे मे महिन्यात टँकर येतात, त्यांच्याकडे जानेवारीत बर्फाचे ट्रक आले. हे ऐकून मला त्या देशाबद्दल पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. हल्ली तर हे नेहमीचंच झालंय. खालच्या डोंगरांवर यंत्राने बर्फ फवारतात, आणि जर्मनीच्या सर्वांत उंच त्सुगस्पित्से शिखरावरची एक हिमनदी इतकी आटली की २०२२ मध्ये तिला हिमनदी म्हणणंच बंद केलं. पाण्याची काळजी आता तिकडेही पोचली आहे.

त्याच इन्सब्रुकमध्ये हिवाळी ऑलिंपिकात पहिल्यांदा भारताचा खेळाडू उतरला. जेरेमी बुजाकोव्स्की, जन्माने पोलिश, खेळला भारताकडून. एकटाच. घसरगाडीची म्हणजे ल्यूजची स्पर्धाही ऑलिंपिकमध्ये तिथेच सुरू झाली, आणि पुढे त्याच ल्यूजमध्ये मनालीकडचा शिवा केशवन १९९८ पासून २०१८ पर्यंत सहा ऑलिंपिक खेळला. पहिल्या वेळी तो सोळा वर्षांचा होता. बर्फाचा मार्ग देशात नव्हता, म्हणून घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या घाटरस्त्यावर ट्रक आणि मेंढ्यांमधून सराव करायचा. हे वाचलं तेव्हा मला आपल्या गल्लीतल्या बेअरिंगच्या गाड्या आठवल्या. लाकडी फळी, खाली गॅरेजमधून मागून आणलेली तीन बेअरिंगं, आणि खडखडाट. मुलांच्या गाड्या. आम्ही मुली कट्ट्यावर बसून बघायचो. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान भारताचा एकमेव खेळाडू होता, जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. आणि 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धांत आपल्या महाराष्ट्राची मुलं-मुली बर्फावरच्या स्केटिंगमध्ये पदकं आणतात. बर्फ पडत नाही म्हणून कुणी थांबलेलं नाही.

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती घसरगाडी. लाकडी, पाटासारखी, खाली दोन धावा. म्युनिचजवळ वालबर्ग नावाचा डोंगर आहे. तिथे पाळण्याने वर जायचं आणि साडेसहा किलोमीटर घसरत खाली यायचं. डावीकडे वळायचं तर डावा पाय दाबायचा, थांबायचं तर दोन्ही टाचा रोवायच्या. म्हणजे ब्रेक तुमच्या बुटाचा. तिथे मी पहिल्यांदा मोठ्याने किंचाळले. लहानपणापासून 'हळू बोल' ऐकत आलेल्या बाईला साडेसहा किलोमीटर किंचाळायला मिळणं ही चैन काय असते, ते इथल्या बायकांना सांगायला नको.

स्वित्झर्लंडच्या ग्रिंडेलवाल्ड गावात तर लाकडी बर्फसायकल पाहिली. चाकांच्या जागी धावा. १९११ मध्ये गावातल्या एका लाकूडकाम करणाऱ्या माणसाने ती बनवली. त्याला चालायला त्रास होता, बर्फात हिंडता यावं म्हणून त्याने स्वतःपुरती सोय केली. मग पोस्टमन वापरू लागला, डॉक्टर वापरू लागले. आता दर वर्षी तिची जागतिक स्पर्धा भरते. मला ही गोष्ट अगदी आपल्याकडच्या सुतारासारखी वाटली. अडचण आली, पाटा उचलला, खिळे मारले, झालं.

खाण्याचंही थोडं सांगते. डोंगरावरच्या झोपडीवजा हॉटेलात कायझरश्मार्न नावाचा पदार्थ मिळतो. नाव राजेशाही, पदार्थ म्हणजे जाड गोड धिरडं तव्यातच फाडून तुकडे केलेलं, वर पिठीसाखर. आपल्याकडे धिरडं तव्याला चिकटून तुटलं तर सुनेला बोल लागतो, तिकडे त्याला सम्राटाचं नाव दिलंय. युंगफ्राऊयोखला, ३४५४ मीटर उंचीवर, चक्क भारतीय जेवण मिळतं. पण खरं सांगू, आमच्या पिशवीत नेहमी बट्टी असायची. वरणाशिवाय कोरडी, तूप लावलेली. उणे आठ अंशात ती दगडासारखी होते, पण पोट भरतं. म्युनिचच्या आमच्या मराठी मित्रमंडळींनी एकदा जानेवारीत अंगणात भरीत पार्टी केली. बामणोदची हिरवी वांगी नाहीत, कपाशीच्या काड्या नाहीत, काळी वांगी आणि कोळशाची शेगडी. शेजारच्या आजोबांनी धूर पाहून चौकशी केली. त्यांना सांगितलं, हा खान्देशातला हिवाळी खेळ आहे. त्यांनी दोन वेळा मागून खाल्लं.

आता मूळ गोष्टीकडे येते. ती सांगायची म्हणूनच मी हा विषय घेतला.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी सहज विचारलं, "तू शाळेत कुठला खेळ खेळायचीस?" त्यांना अंदाज घ्यायचा होता. कुणी स्केटिंग केलेलं असलं तर तोल लवकर येतो, फुटबॉल खेळलेला असला तर गुडघे वाकतात. स्पॅनिश मुलीने हँडबॉल सांगितला. आजींनी जिम्नॅस्टिक्स सांगितलं. मी म्हटलं, "लंगडी, खो-खो. सातवीपर्यंत." बाई म्हणाल्या, "मग पुढे?"

मैत्रिणींनो, मग पुढे काय, ते तुम्ही सांगा. आठवीत आपल्याला लांब ओढणी आली. मैदान मुलांचं झालं आणि झाडाखालचा पार आपला. वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास होता, पण दहावीत त्या तासाला बीजगणित असायचं. कुणी सक्ती केली असं नाही. सगळ्यांना आपली काळजीच होती. घरी सांगायचे, "पडशील, खरचटेल, व्रण राहील." पुढचं वाक्य कुणी बोलायचं नाही, पण आपल्याला ऐकू यायचं. आपल्या भाषेत मुलगा पडला तर गुडघा फुटतो, आणि मुलीचा पाय घसरला तर घराणं बुडतं. एकच शब्द, पण किती वेगळा अर्थ. मग आपण सावकाश, खाली बघत चालायला शिकलो. आणि हुशार निघालो, कारण सगळं लक्ष वहीत.

याची किंमत काय, ते मला बर्फात नाही, जळगावात कळलं. चार वर्षांपूर्वी माझी आई बाथरूममध्ये पडली. सत्तरी ओलांडलेली. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया चांगली झाली, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, चाला. पण आई चालेना. दुखत नव्हतं, तिला पडायची भीती होती. अंगणात यायची नाही, देवळात जायची नाही, मेहरूण तलावावर रोज सकाळी फिरायला जाणारी बाई खिडकीशी बसून राहिली. व्यायाम शिकवायला एक ताई घरी यायच्या. एक दिवस त्या म्हणाल्या, "आजी, आज आपण जमिनीवरून उठायला शिकू." आधी कुशीवर वळायचं, मग हात टेकून चौपायी यायचं, मग खुर्चीला धरून एक पाय पुढे आणि वर. मी बाजूला उभी होते. मला एकदम तो पहिला धडा दिसला. तीच कुशी, तोच टेकलेला हात. ज्या आईने मला जन्मभर 'पडू नकोस' सांगितलं, तिला सत्तरीत कुणीतरी पहिल्यांदा सांगत होतं की पडलीस तरी उठता येतं. पंधरा दिवसांनी तिला खुर्चीशिवाय उठता आलं. त्यानंतर ती अंगणात आली. नंतर देवळात. आता संध्याकाळी काठी घेऊन तलावावर जाते, आणि मेहरूणची बोरं घेऊन येते. हाड डॉक्टरांनी जोडलं होतं, भीती त्या ताईंनी काढली.

आपण सगळ्याजणी आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. गुडघे बोलायला लागलेत, हाडांच्या तपासण्या सुरू झाल्यात, कुणाला थायरॉइड, कुणाला बीपी. स्कीइंगला या असं मी म्हणत नाही. इथे बर्फ नाही आणि तिथलं तिकीट महाग. पण घरी गेल्यावर एक करून बघा. जमिनीवर बसा आणि काही न धरता उठा. जमलं तर रोज करा. नाही जमलं तर नक्की रोज करा. पुरुष मंडळींनाही हे लागू आहे, हसू नका.

आणि दुसरं मागणं शाळेकडे. सर, मुख्याध्यापक बाई, या मेळाव्यातून जमलेला निधी डिजिटल वर्गासाठी वापरायचा आहे असं कळलं. चांगलंच आहे. मी सॉफ्टवेअरमध्येच आहे, मी त्याला नको कशी म्हणेन? पण त्यातला माझा वाटा मैदानासाठी धरा, एवढी विनंती. मैदान सपाट करून घ्या. खो-खोचे दोन चांगले खांब. उड्या मारायला जाड गाद्या. मुलींना कपडे बदलायला एक खोली, कडी लागणारी. आणि वेळापत्रकातला शारीरिक शिक्षणाचा तास दहावीतही त्याच विषयाला राहू द्या, मुलींचासुद्धा. आपले पी.टी.चे सर आज समोर आहेत. सर, तुम्ही त्या तासाची शिट्टी खिशात ठेवून स्टाफरूममध्ये बसलेले मी पाहिले आहेत. ती शिट्टी तुमच्या जागी आलेल्या सरांना वाजवू द्या.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी तो जिंकला, आणि कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ते सामने बघा. त्या मुली गड्याला गाठायला सूर मारतात, सपशेल जमिनीवर पडतात, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उठून पुढे पळतात. त्यांना पडायला कुणीतरी शिकवलं आहे. आपल्या शाळेत आज सहावी-सातवीत असलेल्या मुलींना तेवढं मिळावं. त्यातली एखादी उद्या आल्प्समध्ये जाईल, एखादी कुठेच जाणार नाही. पण सत्तरीत पडली तर उठेल.

संयोजकांनी घड्याळ दाखवलं आहे. मला वाटतं वांगीही भाजून झाली. तुम्ही इतका वेळ ऐकून घेतलंत, माझ्या नवऱ्याने स्वतःवरचे एवढे विनोद सहन केले, सगळ्यांचे आभार. आणि जेवायला जाताना पायऱ्यांवर जरा सांभाळून. पडलात तर कुशीवर.